आज वाचू नकोस

वाचनबाईंचं वय सेहेचाळीस आणि आवाज सतरा वर्षांचा. गुडघे कुरकुरायला लागले, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, पण गळा काही ऐकायला तयार नाही, तो आपला अजून अकरावीच्या वर्गात बसलेला. त्याच गळ्यावर बाईंचं पोट होतं. कोवळ्या वयाच्या प्रेमकादंबऱ्या ध्वनिमुद्रित करून लोकांच्या कानात घालणाऱ्या एका छोट्या कंपनीत त्या नऊ वर्षं वाचत होत्या. म्हणजे कॉलेजातली पोरं, फोनवरचे रुसवे, 'त्याने मेसेज वाचला पण उत्तर दिलं नाही' म्हणून चार पानं रडारड. ऐकणाऱ्या पोरींना वाटायचं, आपल्याच बाकावरची कुणी बोलतेय. बाईंना समोर पाहिलं असतं तर बिचाऱ्यांचा पार हिरमोड झाला असता.

ध्वनिमुद्रणाची खोली कपाटाहून जराशी मोठी. भिंतींना करडा स्पंज, मध्ये टेबल, टेबलावर जुनी चादर अंथरलेली, कारण पान उलटल्याचा आवाजही चालत नाही. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक बसायचा. त्याला सगळे कानसेन म्हणायचे. बाईंच्या पोटात गुरगुरलं तरी त्याला ऐकू जायचं आणि तो गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, बाई, दोन बिस्किटं खाऊन या, नायिकेच्या मागे कुणीतरी फर्निचर सरकवतंय.

बाईंची एक खोड होती. पुस्तक आधी वाचायचं नाही. बाकीचे वाचक घरी पानं नेऊन खुणा करतात, कुठे थांबायचं, कुठे रडायचं ते ठरवून येतात. बाई न पाहिलेलं पान समोर धरायच्या आणि थेट माइकसमोर वाचायच्या. संपादकबाईंनी यावरून नऊ वर्षं डोकं फोडून घेतलं, पण ह्या हलल्या नाहीत. गोष्टीतल्या पोरीला तरी उद्याचं कुठे माहीत असतं, मग मलाच का माहीत असावं, असा त्यांचा सवाल. आणि खरंच, त्यांच्या आवाजात जे दचकणं यायचं ते ठरवून येत नाही. म्हणून कानसेन त्यांचं पहिलं वाचनच ठेवायचा. मग ते मुद्रण लेखकाकडे जायचं, लेखकाने ते सबंध ऐकायचं आणि दुरुस्त्यांचा कागद धाडायचा, असा कंपनीचा शिरस्ता होता.

या कादंबऱ्यांच्या गर्दीत एक लेखिका पोरींची फार लाडकी होती. पुस्तकावर नाव नुसतं 'शेजारीण'. ती कोण, कुठली, कुणाला पत्ता नव्हता, संपादकबाईंनाही टपालपेटीचा नंबर सोडून काही ठाऊक नव्हतं. तिची तीन पुस्तकं बाईंनीच वाचली होती. चौथ्याच्या वेळी तर तिने लेखी कळवलं की वाचतील तर वाचनबाईच, नाहीतर पुस्तक देत नाही. बाईंना आतून गुदगुल्या झाल्या, कशाला खोटं बोला.

ही बातमी त्यांनी त्याच संध्याकाळी आपल्या बहिणीला सांगितली. बाईंना सख्खं म्हणून जगात एवढंच माणूस. सहा वर्षांनी मोठी, दोन गल्ल्या सोडून राहणारी, मुलींचे कपडे शिवणारी. बाई तिला ताई म्हणायच्या आणि ती यांना छोटी. ताई बोलायला कमी. दिवसभर तोंडात टाचण्या धरलेल्या, बोलणार कशाने? बाई रोज संध्याकाळी तिच्या शिवणखोलीत चहाला जायच्या आणि दिवसभर वाचलेली गोष्ट तिखटमीठ लावून सांगायच्या. ताई मशीन चालवता चालवता 'हं' म्हणायची. शेजारणीचं दुसरं पुस्तक ऐकून मात्र टाचण्या काढून म्हणाली होती, जरा गुळचटच आहे. बाई तेव्हा रागावल्या होत्या. तुला प्रेमातलं काय कळतंय, असं तोंडावर म्हणाल्या होत्या.

आणि याच ताईबद्दलची एक आठवण बाई नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगायच्या. कानसेनला ती तोंडपाठ होती. सतराव्या वर्षी बाईंचा घसा असा बसला की आठ दिवस तोंडातून ब्र निघेना. नवव्या दिवशी जरा आवाज फुटला तशी ही पोर लगेच पुस्तक घेऊन खिडकीत वाचायला निघाली. तर ताई कोमट पाण्याचा पेला घेऊन आडवी आली. म्हणाली, आज वाचू नकोस, आवाज जपायला हवा तुझा. बाई म्हणायच्या, त्या दिवशी हट्टाने वाचलं असतं तर गळा कायमचा गेला असता, आज जी भाकरी खाते ती ताईमुळे. सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे.

खिडकीतच का वाचायचं होतं, ते मात्र त्या कुणाला सांगत नसत. घरासमोर रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. तिथे एकोणीस वर्षांचा एक कारागीर बसायचा. ही खिडकीत मोठ्याने धडे वाचायला बसली की तो दुकानातले सगळे रेडिओ एकेक करून बंद करायचा. एवढंच. सहा महिने एवढंच चाललं होतं. बोलणं म्हणाल तर दहा वाक्यांच्या वर नाही. पण पोरीला समजत होतं आणि त्यालाही समजत होतं. ही गोष्ट तिने एकट्या ताईला सांगितली होती, पांघरुणात, कानाशी. आणि मग, घसा बरा झाला त्याच आठवड्यात, एक दिवस दुकानाचं शटर खाली ते खालीच. कारागीर गाव सोडून गेला होता. ना निरोप, ना चिठ्ठी.

तेव्हापासून बाईंच्या मनाने एक धरलं ते सोडलं नाही. आपण कुणाच्या साध्या निरोपाच्याही लायकीच्या नाही. पुढे दोन चांगली स्थळं आली, दोन्ही त्यांनी परतवली. उगीच कशाला कुणाच्या गळ्यात पडायचं. शटर पडल्याला सहा वर्षं झाली तेव्हा एकदा दवाखान्याच्या रांगेत तो दिसला, कडेवर मूल होतं. त्याने बाईंना पाहिलं, नंबर जवळ आलेला असूनही रांग सोडली आणि निघून गेला. बाईंना तो अपमान अजून जळजळायचा.

असो. तर शेजारणीच्या चौथ्या पुस्तकाला सकाळी दहाला सुरुवात झाली. पोरगी बारावीतली, वक्तृत्वाच्या तयारीसाठी खिडकीत बसून मोठ्याने वाचणारी. समोर मोबाइलदुरुस्तीचं दुकान. तिसऱ्या प्रकरणात पोरगी वाचायला लागते आणि तो मुलगा दुकानातल्या सगळ्या फोनचे आवाज बंद करतो. बाई वाचता वाचता गालात हसल्या. जगात पोरी खिडक्यांत बसतात आणि पोरं दुकानांत, जुळलं असेल कुठेतरी. हसू आवाजात उतरलं आणि कानसेनने काचेपलीकडून अंगठा दाखवला.

आठव्या प्रकरणात पोरीचा घसा बसला. बाईंनी पाण्याचा घोट घेतला. दहाव्यात पोरीच्या बापाचा फोन बिघडून त्याच दुकानात गेला. पोरीचा स्वतःचा फोन परीक्षेपायी बापाने कधीच काढून घेतलेला. दुरुस्त झालेला फोन आणायला थोरली बहीण गेली, जिचं लग्न ठरलं होतं आणि पंधरा दिवसांवर आलं होतं. येताना वाटेत तिला फोनचं मागचं झाकण नीट बसलेलं दिसेना. तिने उघडलं. आत चार घड्या घातलेली चिठ्ठी, धाकटीच्या नावाची. परवा मी हे गाव सोडतोय. माझ्यासाठी थांबणार असशील तर उद्या संध्याकाळी खिडकीत बसून एक पान वाच. नाही वाचलंस तर मी समजून जाईन, पुन्हा कधी समोर येणार नाही.

बाईंच्या घरचा रेडिओही तेव्हा त्या दुकानात गेला होता. आणायला ताई गेली होती. बाईंना हे आठवलं, पण आठवून पुढे काही विचार करायच्या आत डोळे पुढच्या ओळीवर गेले होते आणि तोंड वाचत होतं. नऊ वर्षांची सवय, तोंड थांबत नाही.

"दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटी पुस्तक घेऊन खिडकीकडे निघाली. थोरली कोमट पाण्याचा पेला घेऊन आडवी आली. म्हणाली, आज वाचू नकोस. आवाज जपायला हवा तुझा."

बाई थांबल्या.

समोरची अक्षरं दिसत होती, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता, आणि मग एकदम लागला. पेल्याची आणि दुकानाची, दोन्ही गोष्टी ठाऊक असलेली माणसं जगात दोनच. एक त्या स्वतः. पेल्याची ऊब त्यांच्या तळव्याला आत्ता जाणवली. ताईने पाठीवरून हात फिरवला होता. मग वारा लागेल म्हणून खिडकी ओढून घेतली होती, कडीसुद्धा घातली होती. आणि समोर दुकानात तो सगळे रेडिओ बंद करून बसला असेल. दिवेलागणीपर्यंत बसला असेल. बंद खिडकीकडे बघत.

एकोणतीस वर्षं. एकोणतीस वर्षं त्या पेल्याचे गोडवे गायले त्यांनी. ज्याला त्याला सांगितलं, डोळे पुसत सांगितलं, माझी ताई होती म्हणून. आणि दवाखान्याच्या रांगेतून तो माणूस उठून गेला तो अपमान करायला नव्हे, दिलेला शब्द पाळायला. बाईंनी टेबलावरची चादर मुठीत घट्ट धरली.

कानसेनने मुद्रण बंद केलं नव्हतं. त्याला वाटलं, बाई आज कमाल करतायत. थोड्या वेळाने बाईंनी पान बाजूला ठेवलं आणि त्या बाहेर आल्या, तेव्हा तोच डोळे पुसत होता. म्हणाला, बाई, काय थांबलात, बेचाळीस सेकंद, अंगावर काटा आला माझ्या. मग बाईंचा चेहरा पाहिला. त्याने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, बाकीचं उद्या करू म्हणाला. बाई नको म्हणाल्या.

खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना एकेक उमगत गेलं आणि प्रत्येक वेळी नवा धक्का बसत गेला. शिवणखोलीत स्टुलावर उभ्या राहून मापं देणाऱ्या कॉलेजच्या पोरी. त्या ताईसमोर मन मोकळं करायच्या, कारण टाचण्या तोंडात धरलेली बाई कुणाला काय सांगणार? त्याची तीन पुस्तकं झाली. आणि आपण मूर्खासारख्या रोज संध्याकाळी जाऊन तिच्याच गोष्टी तिला रंगवून सांगत होतो. गुळचट आहे म्हणे. आणि चौथं पुस्तक आपणच वाचावं म्हणून हट्ट. आपण आधी वाचत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तोंडावर सांगायचं धैर्य नाही, म्हणून तिने हे योजलं. गुन्हा तिचा आणि कबुली माझ्या तोंडून. बाईंना असा संताप आला की कानशिलं तापली.

तरी त्या परत आत गेल्या. पुढे काय लिहिलंय ते त्यांना हवं होतं. शेवटचं पान उघडून बघता आलं असतं, हात तिकडे गेलाही, पण त्यांनी तो आवरला. ओळीने वाचत गेल्या. शेवटच्या प्रकरणात दोन वर्षांनी थोरली गच्चीत कपडे वाळत घालताना सगळं कबूल करते. माझं लग्न मोडेल याची भीती वाटली, म्हणते. चिठ्ठी फेकवली नाही, रोज द्यायची ठरवत होते, म्हणते. आजवर बाई थोरल्या बहिणींना जाड, मायाळू आवाज द्यायच्या. त्या दिवशी तो कोरडा, टाचण्यांमधून आल्यासारखा निघाला. हुबेहूब ताईचा.

मग धाकटीचं उत्तर आलं. कागदावर होतं, "झालं गेलं विसर, ताई. तू माझ्या भल्यासाठीच केलंस." आणि ती थोरलीला मिठी मारते.

बाईंनी ती ओळ पाहिली. एवढ्यात आटपलं? दोन वर्षांत? जिने लिहिलं तिनेच माफीही लिहून ठेवली होती, वाचणारीने फक्त आवाज द्यायचा. बाईंनी चष्मा काढला, माइकजवळ झाल्या आणि आपल्या सतरा वर्षांच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, मला वाचायचं होतं."

कानसेनने थांबवायला हात वर केला होता. मजकुराशी जुळत नव्हतं. पण त्याने हात तसाच खाली घेतला. बाहेर आल्यावर बाई त्याला म्हणाल्या, तसंच पाठव, लेखिका बघून घेईल.

त्यानंतर बाई शिवणखोलीकडे फिरकल्या नाहीत. फोन केला नाही आणि आलाही नाही. नऊ वर्षांत न चुकलेला संध्याकाळचा चहा आठ दिवस चुकला. घरात बाई भांडी आपटत होत्या, मनातल्या मनात ताईशी कडाकडा भांडत होत्या आणि मध्येच चहाची वेळ झाली म्हणून चपला शोधत होत्या. स्वतःचाच राग यायचा मग.

नवव्या दिवशी दुरुस्त्यांचा कागद आला. एरवी शेजारणीचा कागद छापील असायचा. हा हाताने लिहिलेला, निळ्या पेन्सिलीने, जिने ताई कापडावर मापं आखायची. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कानसेनने तो वाचून दाखवला. पान बाराला एक शब्द गळला, राहू द्यावा. दहाव्या प्रकरणात बेचाळीस सेकंद शांतता आहे. ती काढू नये, कमीही करू नये. मी ती बारा वेळा ऐकली. शेवटच्या पानावर वाचन मजकुराप्रमाणे नाही. मजकूर चुकला होता. छापील पुस्तकात वाचनाप्रमाणे बदलून घेत आहे.

कानसेन कागदाकडे आणि बाईंकडे आळीपाळीने बघत राहिला. शहाणा माणूस. लिफाफ्यात आणखी काहीतरी आहे, एवढंच म्हणाला. आत चार घड्यांचा पिवळा कागद होता, टाचणीने बंद केलेला. एका कोपऱ्यावर हिरवट डाग होता, जसा रेडिओतल्या जुन्या सेलचा पडतो. बाईंनी तो तसाच पर्समध्ये टाकला आणि भरदुपारी ताईकडे गेल्या.

शिवणखोलीचं दार उघडंच असायचं. कोपऱ्यात छोटा रेडिओ गुणगुणत होता. स्टुलावर एक मुलगी उभी होती आणि ताई गुडघ्यांवर बसून तिच्या झग्याला खालून टाचण्या लावत होती. मुलगी कुणाबद्दल तरी सांगत होती, त्याने मेसेज वाचला पण उत्तर दिलं नाही. बाई दारात दिसल्या तसा ताईचा हात थांबला. आठ दिवसांत ती वाळल्यासारखी झाली होती. बाईंनी मुलीला आत जाऊन कपडे बदलायला सांगितलं. मुलगी दोघींकडे बघून निमूटपणे आत गेली.

बाईंनी पर्समधून चिठ्ठी काढली आणि कापडं बेतायच्या टेबलावर ठेवली. टाचणी अजून जागच्या जागी होती. ताईने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या छोट्या गादीत खोचल्या. सात निघाल्या. मग विचारलं, "उघडली नाहीस?"

"मला आधी वाचायची सवय नाही," बाई म्हणाल्या. "आणि हे मी वाचणार नाही. पुस्तकभर माझ्या तोंडून वदवून घेतलंस. आता तू वाच. मोठ्याने."

ताई टेबलाला धरून उभी राहिली. बराच वेळ तिला ती टाचणीच निघेना. कपडे शिवण्यात जन्म गेला होता तिचा. शेवटी निघाली. तिने घड्या उलगडल्या, कागद डोळ्यांजवळ नेला आणि वाचायला लागली. आवाज खरखरीत, वाचायची सवय नसलेला. पहिली ओळ कशीबशी झाली. दुसरीत त्या मुलाने विचारलं होतं, आठ दिवस तुझा आवाज ऐकला नाही, बरी आहेस ना. तिथे ताईने निम्मे शब्द गिळले.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. त्यांना बरं असं काही वाटत नव्हतं. पण एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना विचारत होतं की बरी आहेस ना, आणि ते नीट ऐकू आलं नव्हतं. त्या वळल्या. कोपऱ्यातला रेडिओ त्यांनी बंद केला, मग खिडकीची कडी काढली आणि परत येऊन ताईसमोर बसल्या.

"पहिल्यापासून वाच," त्या म्हणाल्या.